चोथ्याचा हिशेब : ब्रॉयलरच्या खाद्यातील तंतू

पोल्ट्रीखाद्याच्या पोत्याला शिवलेल्या लेबलवर प्रथिनांपुढे ‘किमान’ आणि कच्च्या तंतूंपुढे ‘कमाल’ असे छापलेले असते. भारतीय मानक ब्यूरोच्या कुक्कुटखाद्याच्या मानकातही हीच मांडणी आहे. तंतू म्हणजे पक्ष्याला न पचणारा, खाद्यातली ऊर्जा पातळ करणारा भाग. तो जितका कमी तितके खाद्य चांगले, असा त्यामागचा समज. हा समज खोटा नाही, अर्धवट आहे. गेल्या साठ-सत्तर वर्षांतले संशोधन एकत्र मांडून पाहिले तर तंतूंच्या एका प्रकाराला कडक वरची मर्यादा हवी, दुसऱ्या प्रकाराला खालची मर्यादा हवी, आणि लेबलवरचा एकुलता आकडा या दोहोंत भेदच करत नाही, असे दिसते. खाद्यात तंतू किती, याच्याइतकाच तो पाण्यात विरघळणारा की न विरघळणारा, भरड की पिठासारखा, आणि दहा दिवसांच्या पिल्लासाठी की पस्तीस दिवसांच्या पक्ष्यासाठी, हा हिशेब महत्त्वाचा ठरतो. तो हिशेब मराठीत, पशुवैद्यकाच्या विद्यार्थ्यापासून फीड मिलच्या व्यवस्थापकापर्यंत कोणालाही वाचता येईल अशा रीतीने मांडावा, यासाठी हे पुस्तक.

आधी त्या आकड्याबद्दल. ‘कच्चे तंतू’ मोजण्याची पद्धत जर्मनीत ग्योटिंगेनजवळच्या वेंडे येथील प्रयोग केंद्रात हेनेबर्ग आणि श्टोमान यांनी 1860च्या दशकात बसवली. नमुना आधी सौम्य आम्लात, मग सौम्य अल्कलीत उकळायचा. जे उरते त्यातून राख वजा केली की झाले कच्चे तंतू. पद्धत जनावरांच्या चाऱ्यासाठी होती आणि त्या काळाच्या मानाने उत्तमच होती. पण उकळताना हेमीसेल्युलोजचा मोठा भाग आणि लिग्निनचाही काही भाग विरघळून निघून जातो, आणि पाण्यात विरघळणारे तंतू तर हिशेबात येतच नाहीत. मक्याचे कच्चे तंतू जेमतेम 2 टक्के भरतात. पेशीभित्तीतल्या स्टार्चेतर बहुशर्करा, म्हणजे उद्योगात ज्यांना एनएसपी म्हणतात त्या, मोजल्या तर त्याच मक्यात 8 टक्क्यांच्या आसपास निघतात. सोयाबीन पेंडीत तफावत आणखी मोठी. टरफल काढले आहे की नाही यानुसार कच्चे तंतू 3 ते 7 टक्के, आणि एनएसपी 20 टक्क्यांच्या जवळ. म्हणजे मका-सोयावरच्या ज्या खाद्याला आपण ‘कमी तंतूंचे’ म्हणतो, त्यात प्रत्यक्षात दहाव्या हिश्श्याहून अधिक भाग तंतूंचा असतो. पुढे 1960च्या दशकात अमेरिकेत पीटर व्हॅन सूस्ट यांनी डिटर्जंट वापरून उरणारे तंतू, म्हणजे एनडीएफ आणि एडीएफ, मोजण्याची पद्धत दिली. तीही मुख्यतः रवंथ करणाऱ्या जनावरांसाठी, आणि विरघळणारे तंतू तिच्याही हातून निसटतात. माणसाच्या आहारातल्या तंतूंची चर्चा 1953 मध्ये हिप्सले यांनी ‘आहारतंतू’ ही संज्ञा वापरल्यावर आणि 1970च्या दशकात बर्किट व ट्रॉवेल यांनी ती आजारांशी जोडल्यावर तापली. त्यातूनच केंब्रिजमध्ये एंग्लिस्ट यांची एनएसपी मोजण्याची पद्धत पुढे आली. कोंबडीच्या पोषणशास्त्राला कामाचे हत्यार मिळाले ते इथे, म्हणजे वेंडेनंतर शंभराहून अधिक वर्षांनी.

दरम्यान पोल्ट्रीत प्रश्न उभा राहिला होता तो प्रयोगशाळेतून नव्हे, शेडच्या जमिनीवर अंथरलेल्या ओल्या गादीतून. अमेरिकेच्या वायव्य भागात बार्ली मुबलक. पण बार्लीवरची पिल्ले मक्यावरच्या पिल्लांच्या मागे पडत, विष्ठा चिकट होई, शेपटीखालची पिसे लडबडत. 1957 मध्ये वॉशिंग्टन राज्यातल्या जेन्सेन, मॅकगिनिस आणि सहकाऱ्यांनी बार्लीच्या खाद्यात एन्झाइम मिसळून वाढ सुधारल्याचे दाखवले. तेव्हा कारण उमगले नव्हते. 1966 मध्ये बर्नेट यांनी बोट ठेवले ते बार्लीतल्या बीटा-ग्लुकनवर: हा विरघळणारा तंतू आतड्यातला रस दाट करतो, त्या दाट रसात एन्झाइम आणि अन्नकण एकमेकांपर्यंत पोचत नाहीत, चरबीचे पचन सर्वांत आधी बिघडते. राय आणि गव्हात हेच काम अरॅबिनोझायलन करतात. 1990 मध्ये ऑस्ट्रेलियात मिंगन चोक्ट आणि जेफ ॲनिसन यांनी गव्हातून हे पदार्थ वेगळे काढून खाद्यात मिसळले आणि त्यांच्या वाढत्या प्रमाणाबरोबर पक्ष्याला मिळणारी ऊर्जा घटत जाते हे सिद्ध केले. हा पुरावा निर्णायक होता, कारण तोवर गव्हाच्या वाईट नमुन्यांचा दोष कशालाही देता येत होता. कॅनडातल्या सस्कॅचेवान विद्यापीठात क्लासेन आणि बेडफर्ड यांनी दाटपणा आणि झायलनेज एन्झाइम यांचे नाते पक्के केले, आणि युरोपात, कॅनडात, ऑस्ट्रेलियात गहू-बार्लीच्या खाद्यात एन्झाइम घालणे नित्याचे झाले.

या यशाला एक सावली होती. तंतू म्हणजे दाटपणा, दाटपणा म्हणजे नुकसान, आणि एन्झाइम म्हणजे उपाय, असे साधे समीकरण जगभर पसरले आणि जिथे गहू-बार्ली खाद्यात नाहीच तिथेही तसेच उचलले गेले. आपल्याकडचे ब्रॉयलर खाद्य मका आणि सोयाबीन पेंडीवर उभे आहे. चोक्ट यांनी संकलित केलेल्या आकड्यांत मक्यातले विरघळणारे एनएसपी 0.1 टक्का आहेत, गव्हात 2.4, बार्लीत 4.5, रायमध्ये 4.6. ज्वारीही मक्याच्याच रांगेत, 0.2 टक्का. या खाद्यात आतड्यातला दाटपणा हा मुळात मोठा प्रश्नच नाही. सोयाबीन पेंडीत विरघळणारे तंतू आणि रॅफिनोज-स्टॅचिओज यांसारख्या शर्करा आहेत, त्यांचा उपद्रव खरा आहे, पण तो वेगळ्या वाटेने येतो. युरोपातल्या प्रयोगांचे निष्कर्ष इकडे लावताना धान्य बदलले आहे हे विसरणे ही आपल्याकडची सर्वांत सामान्य चूक आहे, आणि एन्झाइमच्या जाहिरातींनी ती दुरुस्त करण्याचे फारसे मनावर घेतलेले नाही.

दाटपणाच्या सिद्धान्तालाही पुढे मुरड पडली. नेदरलँड्समध्ये लांगहाउट आणि सहकाऱ्यांनी जंतुविरहित वातावरणात वाढवलेल्या पिल्लांना पेक्टिन दिले, तेव्हा नेहमीच्या पिल्लांत दिसणारे नुकसान तिथे बरेच कमी झाले. म्हणजे दाट रस हा आडकाठी तर होतोच, पण मोठी हानी होते ती रेंगाळलेल्या अन्नावर लहान आतड्यात जिवाणू माजतात म्हणून. क्लॉस्ट्रिडियम परफ्रिन्जेन्समुळे होणारा नेक्रोटिक एन्टरायटिस हा आतड्याचा रोग गहू-बार्लीच्या खाद्यावर मक्यापेक्षा अधिक का दिसतो, याचे उत्तर या धाग्याला लागून आहे. इथून तंतूंकडे पाहण्याची एक नवी शाखा निघाली. लहान आतड्यातले किण्वन घातक, पण शेवटच्या दोन अंधनालांतले किण्वन उपकारक. तिथे ॲसिटेट, प्रोपिओनेट आणि विशेषतः ब्युटिरेट तयार होते आणि ब्युटिरेट आतड्याच्या अस्तराला पोसते. झायलनेजने तुटलेल्या लहान साखळ्या अंधनालातल्या उपयुक्त जिवाणूंना चेतवतात, हा अलीकडचा विचारही याच शाखेचा. कल्पना सुसंगत आहे. मात्र तिच्या नावाने केले जाणारे दावे पुराव्याच्या पुढे धावताना दिसतात. एकाच पदार्थाने एका प्रयोगात फायदा आणि दुसऱ्यात शून्य, हे या साहित्यात वारंवार भेटते, आणि स्वच्छ प्रयोगशाळेतल्या पिंजऱ्यात सिद्ध झालेली गोष्ट दहा हजार पक्ष्यांच्या शेडमध्ये टिकेलच असे नाही.

आमच्या मते या विषयातला सर्वांत कमी ऐकला गेलेला आणि आपल्या खाद्याला सर्वांत जवळचा विचार तिसरा आहे: भरड, न विरघळणारा तंतू आणि पेटा. चिकनच्या दुकानात कलेजीबरोबर मिळतो तोच हा पेटा. पाठ्यपुस्तकात त्याला पेषणी म्हणतात. बारीक दळलेल्या पेलेटवर वाढलेला पक्षी शवविच्छेदनाच्या टेबलावर उघडला की ग्रंथिल जठर फुगलेले आणि त्याला लागून पेटा लहान, सैल, बोटाने दाबला तर दबणारा असा अनेकदा दिसतो. आत पातळ लगदा. खाद्यात थोडे भरड टरफल असलेल्या पक्ष्याचा पेटा टणक, जाड स्नायूचा, जठर आणि पेटा यांमधली खाच स्पष्ट. कापला की पिवळसर कडक अस्तराच्या घड्यांत टरफलाचे तुकडे अडकलेले. जात्यात पडेल ते दळून बाहेर टाकायचे, एवढेच काम हा अवयव करत नाही. कण पुरेसा बारीक झाल्याशिवाय पेटा तो पुढे सोडत नाही, आणि टरफलासारखा चिवट कण आत साठत गेला की स्नायू वाढतो, अन्न अधिक वेळ आम्लात राहते. नॉर्वेच्या जीवविज्ञान विद्यापीठातले बिर्गर स्विहुस यांनी 2011च्या आढाव्यात नोंदवले आहे की खाद्याला अशी भरड रचना दिली की पेटा मूळ आकाराच्या दुपटीपर्यंत वाढू शकतो आणि त्यातला पीएच 0.2 ते 1.2 ने उतरतो. पीएच उतरला की पेप्सिनचे काम सुधारते आणि खाद्यातून आलेल्या जिवाणूंची वाट बिकट होते. त्याशिवाय पेट्याच्या जोरकस आकुंचनाबरोबर पुढच्या आतड्यातला अन्नरस पुन्हा मागे येतो. हेटलँड आणि स्विहुस यांना ओटची टरफले खाणाऱ्या पक्ष्यांच्या पेट्यात पित्ताम्ले वाढलेली सापडली ती यामुळेच.

हे सारे रसायनाचे काम नाही, हे विशेष. तोच सेल्युलोज शुद्ध, पिठासारखा बारीक करून दिला तर पेटा वाढत नाही. ओटची टरफले बारीक दळली की त्यांचा परिणाम बराचसा ओसरतो. म्हणून रासायनिक विश्लेषणाच्या कागदावर दोन खाद्ये हुबेहूब सारखी असून पक्ष्याच्या पोटात अगदी वेगळी वागू शकतात, आणि चाळणीवर कणांचा आकार तपासल्याशिवाय तंतूंचा हिशेब पुरा होत नाही. याची निकड आजच्या पक्ष्यात अधिक आहे. कॅनडातल्या आल्बर्टा विद्यापीठाने 1957, 1978 आणि 2005 सालच्या वंशांचे पक्षी एकाच खाद्यावर वाढवून पाहिले: 56 दिवसांना वजने आली अनुक्रमे 905, 1,808 आणि 4,202 ग्रॅम. इतक्या भुकेचा पक्षी पेलेट भराभर गिळतो, आणि मधला दरवाजा ढिला असेल तर न पचलेले अन्न थेट पुढे ढकलले जाते.

यावर फीड मिलमधला माणूस पहिला आक्षेप पैशाचा घेईल, आणि तो रास्त आहे. खाद्यात 3 टक्के टरफल घातले की 3 टक्के मका बाहेर जातो. मक्याची ऊर्जा किलोला 3,300 किलोकॅलरीच्या आसपास धरली तर खाद्याच्या किलोमागे सुमारे 100 किलोकॅलरी गेल्या. त्या भरून काढायला एक टक्क्याहून थोडे अधिक तेल. खाद्याचा खर्च एकूण उत्पादनखर्चाच्या दोन-तृतीयांश असताना हे कोण मान्य करील? उत्तर प्रयोगांतच आहे. माद्रिदच्या तांत्रिक विद्यापीठात गोन्सालो मातेओस यांच्या गटाने 2007 पासून ओटची आणि सोयाबीनची टरफले, पुढे सूर्यफुलाची टरफले आणि भाताचे तूसही, साधारण 2.5 ते 5 टक्के प्रमाणात तपासले. कोवळ्या वयात, विशेषतः पहिल्या तीन आठवड्यांत, पचन आणि खाद्याचे वजनात रूपांतर सुधारले. विरलेल्या ऊर्जेची भरपाई अनेकदा पचनातूनच झाली. प्रमाण 7.5 टक्क्यांकडे नेले की फायदा ओसरतो, आणि बीटच्या चोथ्यासारखा विरघळणारा भाग असलेला पदार्थ असेल तर नुकसान सुरू होते. म्हणजे सरसकट ‘फायबर वाढवा’ असा सल्ला या पुराव्यातून निघत नाही. मका आधीच भरड दळला असेल आणि खाद्य मॅश, म्हणजे पेलेट न केलेले, असेल तर टरफलाने फारसे काही साधणार नाही. खाद्य बारीक आणि पेलेट असेल तर साधेल. भरड दळण्यानेच काम भागते, मग टरफल कशाला, हा दुसरा आक्षेपही इथेच सुटतो. पेलेट मिलचे रोलर भरड मक्याचे बरेच कण पुन्हा फोडतात, आणि मक्याचा कण पेट्यात लवकर विरतो. चिवट टरफल टिकते. पेटा जड झाल्याने मांसाचा उतारा घटतो ही तक्रार प्रक्रिया उद्योगाला लागू आहे, पण फरक पक्ष्यामागे काही ग्रॅमांचा, आणि पक्षी जिवंत वजनावर विकला जातो तिथे तो विक्रेत्याला बाधत नाही.

तिसरा आक्षेप अधिक गमतीचा आणि अधिक गंभीर आहे: पक्षी गादीतले तूस खातातच, मग वेगळा तंतू कशाला? खातात हे खरे. महाराष्ट्रातल्या बहुतेक शेडमध्ये गादी भाताच्या तुसाची, आणि पिल्ले पहिल्या दिवसापासून ती टिपतात. पिंजऱ्यातल्या प्रयोगांत तंतूंचा फायदा ठळक आणि गादीवरच्या प्रयोगांत फिका दिसण्याचे एक कारण हेच असावे. पण ही मात्रा कोणाच्या हातात नाही. उपाशी राहिल्यावर पक्षी अधिक तूस खातो, आणि दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यानंतर त्या तुसाबरोबर विष्ठा, बुरशी आणि कॉक्सिडियाचे ऊसिस्टही पोटात जातात. करार पद्धतीत शेतकऱ्याला खाद्य कंपनीकडून येते. त्याच्या हाती उरते ती गादीच, आणि तंतूंच्या बाबतीत चाललेल्या सगळ्या वादाचे पर्यवसान त्याला ओल्या किंवा कोरड्या गादीतच दिसते. तूस थेट खाद्यात घालायचे तर त्याची वेगळी किंमत आहे. त्यात सुमारे पाचवा हिस्सा राख असते, बहुतांश सिलिका, आणि ती पेलेट मिलची डाय झिजवते. उसाच्या पट्ट्यासाठी याहून रंजक पर्याय ऑस्ट्रेलियातून आला आहे. तिथल्या न्यू इंग्लंड विद्यापीठात 2017 मध्ये खाद्यात 2 टक्के बगॅस, म्हणजे उसाचा चोथा, आणि भरड मका वापरल्यावर पेट्याची वाढ आणि पक्ष्यांची कामगिरी सुधारल्याचे आढळले. साखर कारखान्यांत बगॅस जाळायला आणि वीज करायला लागते, तेव्हा तो फुकट नाही. पण कारखान्यांच्या परिसरात असलेल्या फीड मिलने हा प्रयोग आपल्या मक्यावर करून पाहावा इतका हा पुरावा सबळ आहे.

हे सगळे आत्ताच का? प्रतिजैविकांचे कारण सर्वपरिचित आहे: युरोपीय संघाने वाढीसाठीची प्रतिजैविके 1 जानेवारी 2006 पासून बंद केली, भारताने 2019 मध्ये खाद्यप्राण्यांत कोलिस्टिनवर बंदी घातली, आणि आतड्याचे आरोग्य खाद्यातूनच सांभाळण्याचा दबाव वाढत गेला. पण आपल्याकडे त्याहून जवळचे कारण बाजारात आहे. सोयाबीनचे भाव इतके चढले की ऑगस्ट 2021 मध्ये केंद्राला जनुक-परिवर्तित सोयाबीनच्या 12 लाख टन पेंडीच्या आयातीला परवानगी द्यावी लागली. डिसेंबर 2023 मध्ये उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर निर्बंध आल्यावर डिस्टिलऱ्या मक्याकडे वळल्या, मका महागला आणि इथेनॉल काढून उरलेला मक्याचा सुका चोथा, म्हणजे डीडीजीएस, स्वस्त झाला. आता फॉर्म्युलात काय घडते ते पाहा. मक्याच्या जागी तांदळाची कणी येते, जिच्यात तंतू जवळजवळ नाहीत. तूट भरायला डीडीजीएस आणि भाताच्या कोंड्याची तेलविरहित भुकटी, म्हणजे डीओआरबी, येते, दोन्ही पिठासारखी. संगणकावर कच्च्या तंतूंचा आकडा पुन्हा जिथल्या तिथे बसतो आणि लेबल खोटे ठरत नाही. पक्ष्याच्या पेट्यासाठी मात्र खाद्य पुरते बदललेले असते: भरड भाग गेला, बारीक भाग वाढला. त्यात मक्याचा जवळपास दोन-तृतीयांश भाग असलेला स्टार्च इथेनॉलमध्ये गेल्याने डीडीजीएसमध्ये उरलेल्या साऱ्याची, तंतूंची तशीच अफ्लाटॉक्सिनचीही, तीव्रता सुमारे तिप्पट होते. डीडीजीएसवरच्या पक्ष्यांची कामगिरी घसरली की दोष तंतूंवर ढकलला जातो. पुष्कळदा तो विषाचा असतो. हे दोन धागे वेगळे करणे अवघड आहे, आणि म्हणूनच या पुस्तकात त्यांना सर्वाधिक जागा दिली आहे.

या पुस्तकाचा आवाका मुद्दाम मर्यादित ठेवला आहे. अंड्यावरच्या कोंबड्यांत भरड तंतूंमुळे पिसे उपटण्याचे प्रमाण कमी होते, आणि मोजून खाद्य दिल्या जाणाऱ्या ब्रीडर पक्ष्यांत तंतू भूक शमवायला वापरतात. हे दोन्ही विषय स्वतंत्र ग्रंथाचे आहेत, त्यांचा इथे उल्लेखापुरताच संबंध येतो. अमोनिया आणि नायट्रोजनच्या उत्सर्जनावर तंतूंचा होणारा परिणामही थोडक्यात घेतला आहे. भर आहे तो मका, ज्वारी, कणी, सोयाबीन आणि सूर्यफूल पेंड, डीओआरबी, डीडीजीएस, तूस आणि बगॅस या आपल्या बाजारातल्या घटकांवर: त्यांत कोणता तंतू किती, कण केवढा, कोणत्या वयाला किती चालेल आणि कोणत्या प्रयोगावर विसंबून तसे म्हटले आहे. जिथे पुरावा फक्त गव्हाच्या खाद्यावरचा आहे तिथे तसे लिहिले आहे. वाचकाने असे आकडे आपल्या फॉर्म्युलात घालण्यापूर्वी आधी दोनशे पक्ष्यांवर, शक्यतो दोन ऋतूंत, तपासावेत. तक्त्यांत एनएसपी कोरड्या वजनावर आणि कच्चे तंतू बाजारी वजनावर दिले आहेत, कारण प्रयोगशाळांचे अहवाल तसेच येतात. दोन रकान्यांची तुलना करताना ओलावा वजा करून घ्यावा.